भोंगा वाजला तेव्हा ती बाहेर होती

"काकी, दार उघड ना, मी आले!"

भोंगा वाजत होता आणि वरच्या मजल्यावरच्या ताईची पोरगी माझ्या दारावर थापा मारत होती. साडेचार वर्षांची. ताई कामाला जाते, पोरगी दिवसभर माझ्याकडे असते. खाली दुकानात दूध आणायला मीच पाठवलेलं तिला.

मी कडी काढली नाही.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडात युद्धच होतं. आमचं मानखुर्द, अणूचं एवढं मोठं काम बाजूलाच चालतं, सगळे म्हणायचे पहिला बॉम्ब इथेच पडणार. मी पण म्हणायची, मग आपणच आधी टाकू ना, खलास करू एकदाचं. मोबाइलवर मेसेज आलेला, बॉम्ब पडला की दार-खिडक्या बंद, फटीत ओलं फडकं, बाहेरून आलेल्याला आत घ्यायचं नाही, अंगावर विषारी धूळ असते. सातवीतून शाळा सुटली माझी, पण तेवढं मी दोनदा वाचलेलं.

आठ महिन्यांचं बाळ काखेत, एका हाताने ओली ओढणी दाराखाली कोंबतेय, तर फटीतून तिच्या पायाची बोटं दिसली. बोटांवरच कोंबली.

"वर जा! तुझ्या घरी जा!" मी ओरडले. वर कुलूप होतं. मला माहीत होतं.

"काकी, मी काय नाय केलं."

मग आवाजच बंद झाला. भोंगा पण थांबला. नवऱ्याचा फोन आला, "घाबरलीस का येडे? मॉक ड्रिल होती. काल टीव्हीवर सांगितलं ना!"

दार उघडलं तर पोरगी जिन्यात बसलेली, दुधाची पिशवी पोटाशी धरून, चड्डी ओली. तरी मी तिला तशी आत नाही घेतली. बॉम्ब नाही ते कळलेलं, तरी पॅसेजमध्येच दोन बादल्या पाणी ओतलं तिच्या अंगावर आणि दूध मोरीत ओतून टाकलं. का, ते मला अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी ताई आली. "हे काय गं, तुझा कुडता का घातलाय हिला?"

पोरगीच बोलली. सगळं. रडली पण नाही.

"सराव होता गं ताई, बॉम्ब नव्हता," मी म्हटलं.

"तुला कुठे माहीत होतं?"

मी बाळाला या काखेतून त्या काखेत घेतलं.

"बॉम्ब टाकणारा पण तुझ्यासारखाच असेल बघ," ताई म्हणाली. "त्याला पण वाटत असेल, माझं तेवढं वाचू दे, दुसऱ्याचं मेलं तर मेलं."

आता ती पोरीला कामावर घेऊन जाते. जिन्यात मी दिसले की पोरगी आईच्या पलीकडच्या बाजूला जाते, भिंतीला चिकटून उतरते.

पण खरंच पडला असता तर? माझं बाळ होतं हो आत. तुम्ही काय केलं असतं? पटकन सांगू नका. आधी आपलं लेकरू कडेवर घ्या, मग सांगा.