मावशी, जरा बाजूला व्हा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. गेवराईत माझं औषधांचं दुकान आहे. अंगात आलेल्या बाईलाही मी आधी ‘सकाळी जेवलात का?’ असं विचारतो, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. या ग्रुपवरचे अनुभव वाचतो तेही करमणूक म्हणून. पण एक गोष्ट दोन वर्षं मनातून जात नाही... म्हणून लिहितोय.

रविवारी सकाळी मी पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. माझ्या लांबलचक लेन्सला बायको ‘सवत’ म्हणते. माझी नेहमीची जागा म्हणजे गोदावरीच्या अंगाला असलेलं भानुदासतात्यांचं शेत. त्यांची पोरं-सुना दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मागे राहतात तात्या, त्यांची बायको गयामावशी आणि चार शेळ्या. मोटारसायकल त्यांच्या गोठ्यापाशी लावायची, फोटो काढायचे आणि जाताना मावशींच्या हातचा चहा प्यायचा, असं ठरलेलं.

त्या दिवशी बाभळीच्या वाळक्या फांदीवर गप्पीदास येत होता. चिमणीपेक्षा लहान, काळा कुळकुळीत, पंखावर पांढरा पट्टा. नाव गप्पीदास, पण बूड एका जागी टेकेल तर शपथ! मी बांधाआड बसलो होतो.

या लेन्सचं असं असतं, की पक्षी सुईसारखा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. म्हणून आम्हाला बॅकग्राउंड एकदम स्वच्छ लागतं. आणि नेमका फांदीच्या मागे, लांब, एक लाल ठिपका दिसत होता. लाल लुगड्यातली कुणीतरी बाई उभी असावी. दहा-बारा फोटोंत तो ठिपका आला. बाई हलेनाच. डोळा कॅमेऱ्यावरून काढून मी बघितलं नाही, कारण तेवढ्यात गप्पीदास उडाला असता. शेवटी वैतागून ओरडलो –

“ओ मावशी! जरा बाजूला व्हा!”

ठिपका डावीकडे सरकला आणि फ्रेमबाहेर गेला. आश्चर्य म्हणजे पक्षी उडाला नाही. वर्षातला सगळ्यात सुंदर फोटो मला तेव्हा मिळाला. मग खुशीत आणखी दीड तास मी त्याच्याच मागे होतो.

गोठ्यापाशी आलो तर तात्या कावरेबावरे होऊन उभे.

“गया तिकडं आलती का? शेळ्यांला शेंगा आनते म्हनून दिस उगवायला गेलती. आजून पत्ता न्हाई.”

“लाल लुगडं होतं का?”

“व्हय, लालच.”

“मग आहेत की. मीच त्यांना बाजूला व्हा म्हणालो.” मी कॅमेऱ्यात लाल ठिपक्याचा फोटो दाखवला आणि बाभळीमागच्या जागेकडे बोट केलं.

तात्यांनी आधी फोटो बघितला, मग ती जागा. “आरं, तितं उबं ऱ्हायाला जिमीनच न्हाई. तितं हीर हाय!”

आम्ही पळालो. ती जुनी विहीर, कठडा नाही, काठ ढासळलेला. आत डोकावलं तर खाली गुडघाभर पाण्यात, भिंतीला टेकून मावशी बसलेल्या. पाय मोडला होता, पण शुद्धीवर होत्या. शेजारच्या शेतातली माणसं बोलावली, बाजेला दोर बांधून खाली सोडली आणि त्यांना वर काढलं.

मी माझ्यापरीने शोध घेतला. लांबच्या लेन्समधून अंतर कळत नाही, त्यामुळे विहिरीपलीकडे तुरीत दुसरी बाई उभी असू शकते. पण त्या तुरीला आदल्याच दिवशी पाणी दिलेलं. चिखलात पाऊल रुतलं असतं, आणि तिथे बगळ्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं. आणि मावशी तर सूर्य उगवतानाच पडलेल्या, माझ्या पहिल्या फोटोच्या तासभर आधी.

हेही मी योगायोगाच्या खात्यात टाकलं असतं. पण दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या –

“तुमीच वरडलात न्हवं, बाजूला व्हा म्हनून? म्या तशीच सरकले भिताडाकडं... आन म्या बसलेले तितंच वरून ह्यो एवढा धोंडा आला. लई उपकार झाले बगा.”

मग त्या हळूच म्हणाल्या, “मला वाटलं, तुमाला म्या दिसले. आता येतेत, आता येतेत, म्हनून वर बगत बसले. मंग कावून आला न्हाईत लवकर?”

तो दीड तास मी गप्पीदासचे फोटो काढत होतो.

ते लाल ठिपक्याचे फोटो अजून माझ्याकडे आहेत. जाणकारांना दाखवले, कुणाला उलगडा झाला नाही. मलाही नाही. तो सुंदर फोटो मात्र मी कुठेच टाकला नाही, टाकवत नाही. आता फ्रेममध्ये मागे माणसासारखं काही दिसलं, की कॅमेरा खाली ठेवतो आणि आधी तिथे चालत जाऊन बघून येतो. तेवढ्यात पक्षी उडून जातो. जाऊ दे.