नात पाणी पीत नाही

सायकलवाल्या मंडळींनो, दुसऱ्या कुणाला विचारावं कळेना, म्हणून तुम्हालाच विचारतो.

माझी नात वैष्णवी रविवारी पिशोर रस्त्यावरच्या शर्यतीत उतरणार आहे. ती सरावाला निघाली की मी स्कूटीवर मागं असतो.

मागच्या आठवड्यात त्या रस्त्यावरच्या एका वस्तीपाशी तिनं सवयीनं बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं. तिथं बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या. एक आजी म्हणाली, "पोरी, आमी कालपासून बसलोय अन् तू रस्त्याला पाणी पाजतीस व्हय?" बाकीच्या हसल्या. वैष्णवी नाही हसली.

तेव्हापासून ती शहराबाहेर पाण्याला तोंड लावत नाही. आज परतताना चढावर चक्कर येऊन सायकलसकट आडवी झाली. रस्ता रुंद करताना झाडं गेली, सावलीसुद्धा नव्हती. बाटली मात्र भरलेली.

"पी गं माय," मी हातापाया पडलो.

"नाय आबा. लोक बघतेत."

शेवटी डोक्याचा रुमाल सोडून मी तिच्यापुढं पडद्यासारखा धरला. त्याच्याआड ती घटाघटा प्यायली, चोरी केल्यासारखी.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. शर्यत सोड म्हटलं की रडते, पाणी पी म्हटलं की तोंड फिरवते. माझी शाळा थोडी, मला समजावता येत नाही.

तुम्ही अशा ठिकाणी पाणी कसं पिता? शर्यत त्याच वस्तीवरून जाते, आणि रविवारी मला तिच्यामागं जाऊ देणार नाहीत. मग रुमाल कोण धरील?