सगळं हिरवं, तरी इन्सुलिन नाही

योरलेनी सोलानोला मी नऊ वर्षं पाहतो आहे. कार्तागोतल्या आमच्या कंपनीत मी कार्यालय सांभाळतो, ती प्रणालीवर देखरेख ठेवते. गावोगावच्या दवाखान्यांची औषधांची मागणी आमच्या प्रणालीतून मध्यवर्ती औषधालयाकडे जाते. योरलेनीला एका जागी बसवत नाही. बोलतानाही पेनाच्या टोपणाची उघडझाप चालू असते.

मार्चमधल्या एका गुरुवारी तुरिआल्बाच्या दवाखान्यातून मायराबाई या परिचारिकेचा फोन आला.

"पोरी, सोमवारी इन्सुलिन मागवलंय. आता उद्यापुरतंच उरलंय."

"पण मायराबाई, आमच्या संगणकावरच्या फलकावर सगळं हिरवं दिसतंय हो, म्हणजे मागणी पोचलीय."

"मग तो फलकच टोचते पेशंटला!"

योरलेनीने मागणी पुन्हा पाठवली. पुन्हा हिरवं. औषधालय म्हणालं, आमच्याकडे काही आलंच नाही. आणि तोंडी मागणीवर ते औषध सोडत नाहीत.

तीनला सगळे कॉफीला उठले. आमचे वरिष्ठ एफ्राइनसाहेब म्हणाले, "सर्व्हर चालू आहेत ना? मग चल, कॉफी गार होतेय."

"सर्व्हर जिवंत आहेत, एवढंच कळतंय साहेब. मागणी कुठे गेली ते कुठे कळतंय?"

ती गेली नाही. तिने प्रत्येक मागणीला दवाखान्यातच एक क्रमांक दिला. औषधालयापर्यंतच्या वाटेत मागणी ज्या चार प्रोग्रॅममधून जाते, त्या प्रत्येकाने तो क्रमांक, वेळ आणि आपण काय केलं ते लिहून ठेवायचं, अशी सोय केली. शुक्रवारी सकाळी उलगडा झाला. चौथा प्रोग्रॅम "मिळाली" असं आधीच कळवून टाकत होता आणि पुढे जायला थांबलेल्या मागण्यांची रांग भरलेली असली की नवी मागणी गुपचूप टाकून देत होता.

तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काहीही मागा, "आत्ता करतो" हेच उत्तर. तो प्रोग्रॅमही त्याच वळणाचा होता.

योरलेनी माझ्या टेबलाशी आली. "काका, हा मीच लिहिलाय. सहा वर्षांपूर्वी."

"आधी दुरुस्त कर, मग सांग."

"रांग वाढवायला सोमवार उजाडेल. त्याला नाही म्हणायला शिकवणं दहा मिनिटांचं काम आहे."

दहा वाजता फलक लाल झाला. साहेब धावत आले. "अगं, काय केलंस हे? संचालक बघतील!"

"बघू देत. चूक माझी आहे. इतकी वर्षं तो खोटं हो म्हणत होता."

तेवढ्यात फोन वाजला. मायराबाईच होत्या.

"पोरी, तुझी प्रणाली आज पहिल्यांदा मला नाही म्हणाली!"

"माफ करा बाई..."

"माफी कसली? इतके दिवस 'मागणी मिळाली' दिसायचं, म्हणून पराइसोच्या दवाखान्यातले 'तुमचं येतंच आहे की' म्हणून त्यांच्या कुप्या देत नव्हते. आता लगेच तयार झाले. अकराच्या बसने येताहेत, बर्फात घालून."

योरलेनीने फोन ठेवला, पण खाली बसली नाही. फलकावर न पोचलेल्या मागण्यांचे आणखी सतरा लाल क्रमांक होते. त्यातल्या पहिल्या मागणीच्या दवाखान्याचा फोन नंबर ती उभ्यानेच फिरवू लागली.