नानांचा लाल टॅग

"ड्रॉइंग बघितलं का?"

हे विचारण्याआधी नाना चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, पुन्हा घालायचे आणि समोरच्याकडे असं बघायचे, की आपण न बघताच बोललो हे त्याचं त्यालाच कळावं. नाना आमच्या कंपनीत तपासनीस होते. चाकणची गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. त्या पट्ट्यात तुम्ही नोकरी केली असेल तर अशा दहा कंपन्या तुमच्या पाहण्यात असतील. आलेला पार्ट ड्रॉइंगबरहुकूम, म्हणजे मापांसकट काढलेल्या आराखड्याबरहुकूम असला तर हिरवा टॅग बांधायचा, दुरुस्त होण्यासारखा असला तर पिवळा, आणि कामातून गेलेला असला तर लाल. काम एवढंच. पण नाना ते कंपनीच्या गेटबाहेरही करत राहायचे.

कॅन्टीनची उसळ पांचट झाली म्हणून कुणी कुरकुरलं, की नाना म्हणणार, "आचाऱ्याला काय सांगितलं व्हतं? ड्रॉइंग बघितलं का?" एका सहकाऱ्याने मुलीला आलेलं स्थळ परस्पर नाकारलं, त्यालाही हाच प्रश्न. तिसऱ्या दिवशी त्याने मुलीला विचारलं. तिला मुलगा पसंत होता. लग्नात नानांना टॉवेल-टोपी मिळाली.

माझी नोकरी ड्रॉइंगच्या खोलीत. नवीन ड्रॉइंग आलं की यंत्रं चालतात त्या शॉपवर फिरून जुन्या प्रती गोळा करायच्या आणि त्यांच्यावर 'कालबाह्य' असा शिक्का मारायचा. मी दिसले की ऑपरेटर जुन्या प्रती टूलबॉक्समध्ये लपवतात, कारण त्यांवर त्यांनी पेन्सिलीने आपापल्या खुणा केलेल्या असतात. वसुलीला आल्यासारखं सगळे माझ्याकडे बघतात, आणि माझा स्वभावही काही फार गोड नाही. नाना एकटेच जुनी प्रत घडी करून माझ्या टेबलावर आणून द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या ताई, मारा शिक्का."

जुन्या प्रतीवर नवा पार्ट तपासणं यासारखं पाप आमच्या धंद्यात दुसरं नाही. एकदा एका नवख्या तपासनिसाकडून ते घडलं आणि भोसरीच्या एका छोट्या कारखानदाराचा अख्खा लॉट परत गेला. चूक लक्षात आल्यावर साहेबांनी त्या कारखानदाराला फोनवर सांगितलं, की माल पुन्हा घेऊन या. नानांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. तरी त्यांनी स्टोअर्सचा टेम्पो काढायला लावला आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून भोसरीला गेले. "चूक आमची, हेलपाटा तुमाला कशापायी?" म्हणाले आणि माल उचलून आणला. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे काय झालं ते कळायला हे ठाऊक असलेलं बरं.

नानांचं दुसरं वेड सिनेमा. कॅन्टीनमध्ये जेवणाच्या यादीशेजारी त्यांनी एक फळा मिळवला होता. त्यावर दर सोमवारी त्यांचं परीक्षण लागायचं, तेही तपासणीच्या कोऱ्या फॉर्मवर. काय हवं होतं, काय मिळालं, फरक किती, निर्णय काय, असे चार रकाने आणि खाली रंगीत टॅग. 'नायिका : फिनिशिंग उत्तम, काम दिलेलं नाही.' 'गाणी : जादा मटेरियल, कापून टाकावं.' 'खलनायक : आवाज करतो, ग्रीस लावावं.' लोक ताट हातात घेऊन वाचत उभे राहायचे आणि आमटी गार व्हायची. पेपरातल्या चांदण्यांवर आमच्याकडे कुणाचा विश्वास नव्हता. नानांनी हिरवा बांधला की लोक बायकामुलांना घेऊन जायचे.

सिनेमा कादंबरीवरचा असला तर नाना आधी कादंबरी वाचायचे. त्यांच्या लेखी तेच ड्रॉइंग. ते राहायचे आळंदीला, गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी भजनी मंडळात टाळ, आणि पिशवीत वाचनालयातली कादंबरी. या तिन्हींचं एकमेकांशी कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

असाच एक सिनेमा आला आणि त्याने सगळीकडे धुरळा उडवला. नदीकाठचा एक जुना मठ, मठात पिढ्यान्‌पिढ्या लपवलेली पोथी, तिचं रक्षण करणारी गुप्त मंडळी, दोन खून आणि संकेत उलगडत फिरणारा एक प्राध्यापक. शेवटी कळतं, की मठाच्या महंतानेच पोथी कधीची विकून टाकली आहे आणि सगळे जण इतकी वर्षं रिकाम्या पेटीची राखण करत आहेत. एका पेपराने त्याला धाडसी म्हटलं, दुसऱ्याने कंटाळवाणा. टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी ओरडत होती, त्यातल्या दोघांनी तो पाहिलेला नव्हता हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं. आमच्या बसमध्येही दोन तट पडले. सगळ्यांचं म्हणणं शेवटी एकच, "नाना काय म्हणतात बघू."

नानांनी वाचनालयातून कादंबरी आणून वाचली, पहिल्या शिफ्टनंतर पिंपरीला जाऊन सिनेमा पाहिला आणि सोमवारी फळ्यावर लाल टॅग लागला. इतकं चिडलेलं परीक्षण त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. 'शेवट पुस्तकात नाही. पुस्तकातला महंत पोथी वाचवताना जीव देतो. त्याला चोर करण्याचा हा उद्योग दिग्दर्शकाने पदरचा केला आहे.'

कुणीतरी फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो शेकडो फोनांवर गेला. महंताला चोर दाखवलं म्हणून आधीच रागावलेल्या लोकांच्या हाती आता पुरावा आला. माळ घालणारा माणूस, पुस्तक वाचलेला माणूस सांगतो आहे, की हे मुळात नाहीच! आळंदीच्या एका तरुण मंडळाने ठरवलं, की रविवारी पिंपरीच्या थिएटरवर जाऊन खेळ बंद पाडायचा. मंडळाच्या अध्यक्षाचं टायरचं दुकान होतं. त्याने बॅनर छापून घेतला आणि त्यावर नानांचं वाक्य जसंच्या तसं घातलं. नानांना विचारलंही नाही. नाना थोडे खूश होते, हे मी लपवणार नाही. भजनी मंडळात त्यांना त्या आठवड्यात पहिल्या रांगेत बसवलं होतं.

शनिवारी सकाळी मी सांगवीच्या बसथांब्याजवळच्या पुस्तकवाल्याकडून तीच कादंबरी घेतली होती. मुखपृष्ठावर सिनेमाचं चित्र असलेली नवी आवृत्ती. मी पुस्तक शेवटाकडून उघडणाऱ्या पापी लोकांपैकी आहे. बसमध्ये उघडलं तर महंत चोर. मी पुन्हा वाचलं. मग प्रस्तावना काढली. लेखकाने लिहिलं होतं, की पहिल्या आवृत्तीत माझं धाडस झालं नव्हतं, या आवृत्तीत मनात होता तो शेवट लिहिला आहे.

चाकण येईपर्यंत मी ती प्रस्तावना तीनदा वाचली. खरं सांगते, न सांगण्याचा विचार मी केला. रविवार एकदाचा होऊन जाऊ दे, सोमवारी बघू, असंही मनात आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टूलबॉक्समधून जुन्या प्रती ओढून काढणारी मी, आणि ही नवी प्रत पर्समध्ये लपवून बसले होते. शेवटी चहाच्या वेळी नानांना माझ्या खोलीत बोलावलं आणि पुस्तक पुढे केलं.

नानांनी चष्मा पुसला. उभ्या उभ्या शेवट वाचला, प्रस्तावना वाचली, आतलं आवृत्तीचं पान पाहिलं. मग माझ्या टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत राहिले.

"म्हंजी ताई, मी कालबाह्य ड्रॉइंगवर पार्ट रिजेक्ट केला."

"नाना, वाचनालयात जुनीच प्रत होती. तुम्हाला कसं कळणार?"

"इचारायचं. दुसरी आवृत्ती हाय का म्हनून इचारायला काय जात व्हतं?" ते खुर्चीत बसले. "लोकं उद्या माझ्या शब्दावर दार बंद करायला निघाल्यात."

"फोन करून सांगा की अध्यक्षांना."

"बॅनर सगळे वाचनार, फोन एकटा अध्यक्ष ऐकनार."

रविवारी मी थिएटरवर गेले. राहवलं नाही. दुपारच्या खेळाची वेळ होती, पन्नासेक माणसं घोषणा देत होती, मॅनेजर जाळीच्या आत घामाघूम उभा होता. नाना बसमधून उतरले, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. त्यांना पाहून टाळ्या वाजल्या. अध्यक्ष पुढे आला आणि त्यांच्या पाया पडला.

"नाना, दोन शब्द बोला."

नानांनी खिशातून लाल टॅग काढला. दोरीसकट. घरून लिहून आणला होता. बॅनरजवळ गेले आणि तो त्यांनी बॅनरच्या कोपऱ्यातल्या भोकात ओवून बांधला. सुटू नये म्हणून गाठ दोनदा मारली. मग लोकांकडे वळून त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"रिजेक्ट. कारन, जुन्या आवृत्तीवर तपासनी. तपासनारा मी."

कुणाला काही कळेना. नानांनी माझं पुस्तक वर धरून सगळं सांगितलं. शेवट लेखकाचाच आहे, दिग्दर्शकाचा नाही.

अध्यक्षाचं तोंड उतरलं. "नाना, पण लिहिलं तर तुम्हीच होतं!"

"व्हय, मीच लिवलं. मीच चुकलो."

"म्हणजे आता पिक्चर चांगला झाला का?"

"मला अजूनबी आवडला न्हाई. तुमाला नसंल आवडत तर बघू नका. लेखकाशी भांडा, पत्र लिवा. पन माझ्या चुकीवर दुसऱ्याचं दार बंद करू नका, बाबांनो." हे म्हणताना नानांनी हात जोडले होते.

मागून कुणीतरी ओरडलं, "नाना विकले गेले!" नानांनी मान वळवून आवाजाच्या दिशेने पाहिलं. मला त्या माणसाला शोधून चार शब्द सुनवायचे होते. नानांनी हातानेच मला थांबवलं.

गर्दी हळूहळू विरली. एवढं भाडं खर्चून आलोच आहोत तर म्हणून तिघे-चौघे तिकीट काढून आत गेले. नानाही रांगेत लागले.

"तुम्ही कशाला परत?" मी विचारलं.

"रिजेक्ट माल पुन्ना तपासाय लागतोय, ताई."

सोमवारी फळ्यावर दोन कागद होते. जुनं परीक्षण, त्याला लाल टॅग. शेजारी नवं, त्याला पिवळा. 'मध्यंतरानंतर वेग कमी. प्राध्यापक फार बोलतो. शेवट : ड्रॉइंगप्रमाणे. मला पटला नाही. पण मला न पटणं हा पार्टचा दोष नव्हे.' सिनेमाची मोठमोठी परीक्षणं मी त्या दिवसांत वाचली. याच्या तोडीचं वाक्य मला कुठे सापडलं नाही, आणि हे मी नानांच्या प्रेमापोटी म्हणत नाही. थोडं प्रेमापोटीही म्हणते.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. भजनी मंडळाने त्यांना काही म्हटलं नाही, फक्त टाळ दुसऱ्याच्या हातात दिला. नाना मागच्या भिंतीला टेकून बसायला लागले आणि नुसत्या हाताने टाळ्या देत राहिले. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "वाटतंय की. टाळाबिगर हात रिकामं रिकामं वाटत्यात." मग चष्मा काढून पुसायला लागले.

ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेलेही. झोपेत गेले. कॅन्टीनच्या फळ्यावर आता सुट्ट्यांची यादी लावतात.

मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा नानांच्या पत्नीने, काकूंनी, मला वाचनालयाची दोन पुस्तकं दिली, परत करायची राहिली होती. ती देताना मी ग्रंथपालांना सहज विचारलं, ती मठाची कादंबरी आहे का? त्यांनी कपाटातून जुनी प्रत काढली. म्हणाले, "नवी आली तेव्हा आम्ही ही रद्दीत काढणार होतो. नाना म्हणाले, असू द्या, फक्त जुनी आहे असं वाचणाऱ्याला सांगून ठेवा. नवी प्रत त्यांनीच आणून दिली."

शेवटच्या प्रकरणापाशी लाल टॅग होता, दोरी बाहेर लोंबत होती. नानांचं वळणदार अक्षर. 'हा शेवट लेखकाने पुढे बदलला आहे. नवी प्रत शेजारीच आहे. दोन्ही वाचा, मग बोला.' खाली पेन्सिलीने वाचकांनी लिहिलं होतं. 'दोन्ही वाचल्या.' 'दोन्ही वाचल्या, जुना शेवट बरा.' 'दोन्ही वाचल्या, नानांशी असहमत.'

"ही पहिली ओळ कुणाची ओळखलीत का?" ग्रंथपालांनी विचारलं. "अध्यक्षाची. त्या टायरवाल्याची. महिनाभर घेऊन बसला होता दोन्ही पुस्तकं."

मी टॅग हातात धरून उभी राहिले आणि एकाएकी मला जाणवलं, की जुनी प्रत मी कधी वाचलेलीच नाही. नानांची चूक मी शोधली, त्यांच्या परीक्षणाचं आजवर शंभर जणांना कौतुक सांगितलं, आणि नानांना आवडलेला महंत कसा मेला हे मला ठाऊकच नव्हतं.

ग्रंथपालांकडून मी ती प्रत माझ्या नावावर लिहून घेतली. बसमध्ये बसल्यावर ती पहिल्या पानापासून उघडली.