साडेतीन शे

खिडकीतून माझ्या हातावर दहा रुपये पंधरा आणे पडले, तेव्हा माझ्या मागे पगाराची लांब रांग उभी होती. माझ्या हिशेबाने चार रुपये सहा आणे यायला हवे होते. मी तिथेच थांबलो. मागचा हमाल म्हणाला, "सरक ना भाऊ, नोटा काय पहिल्यांदा देखी राह्यना का?"

आधी माझं काम सांगतो. मी अमळनेरला कॉलेजात शिकतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी बैलगाडीची चाकं करतात. खोलीचं भाडं आणि खाणावळ भागावी म्हणून मी संध्याकाळी एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात जातो. जिनात कापसातून सरकी वेगळी होते. उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. प्रत्येक गाठीवर कारखान्याचा मार्क आणि नंबर काळ्या रंगाने घालावा लागतो, त्याशिवाय रेल्वे माल घेत नाही. हे मार्क घालण्याचं काम माझं. गाठीमागे अर्धा आणा.

गाठी रचून ठेवतात, त्या ढिगाला थप्पी म्हणतात. आमच्याकडे एका थप्पीत चाळीस गाठी. मुकादम नथूआबा गाठी मोजत नाहीत, थप्प्या मोजतात. त्यांना लिहिता येत नाही. शनिवारी ते खिडकीशी उभे राहतात, माणूस पुढे आला की त्याचं काम तोंडाने सांगतात आणि कॅशिअर ते स्लिपवर लिहितो. बाकी सगळे रोजावर. थप्पीच्या हिशेबाचा मी एकटाच. त्या आठवड्यात माझ्या साडेतीन थप्प्या झाल्या होत्या, म्हणजे एकशे चाळीस गाठी.

स्लिप पाहिली. तिच्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ३५० गाठी.

"साहेब," मी म्हणालो, "पैसे चुकलेत."

कॅशिअर साठेसाहेब साताऱ्याकडचे, त्याच आठवड्यात रुजू झालेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती कमी?"

"कमी नाही. जास्त आलेत."

आता त्यांनी मान वर केली. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "जास्ती व्हयनात त् माले दे." लोक हसले. साठेसाहेब हसले नाहीत. त्यांनी स्लिप परत घेतली, बेरीज-गुणाकार पुन्हा केला.

"माझा हिशेब बरोबर आहे. साडेतीनशे गाठी मुकादमांनी सांगितल्या. मी या कानांनी ऐकलं."

"पण मी एकशे चाळीसच केल्या."

"मग मुकादमांनी खोटा आकडा दिला."

हे ते सरळ बोलून गेले. आमच्या कारखान्यात खोटा आकडा ही साधी गोष्ट नाही. आधीचा मुकादम मजुरांची हजेरी वाढवून सांगायचा आणि वरचे पैसे वाटून घ्यायचा. त्याला याच खिडकीसमोरून घालवलं होतं. नथूआबांनीच मला हे काम मिळवून दिलं होतं. मी पैसे परत करायला गेलो आणि त्यांची नोकरी जायची वेळ आली.

साठेसाहेबांनी पैसे देणं थांबवलं आणि मॅनेजर मगनभाईंना बोलावलं. मगनभाई सुरतेचे, फक्त सीझनपुरते येतात. ते आले, सगळं ऐकलं आणि आबांकडे वळले.

"बोला मुकादम. काय सांगितलं होतं?"

आबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "मी कसाले खोटं सांगू? पोऱ्यानं काम साडेतीन शे. तितलंच सांगं."

"ऐकलंत?" साठेसाहेब म्हणाले. "आताही साडेतीनशेच म्हणताहेत."

"हा, साडेतीन शे," आबा म्हणाले. "मी कव्हय नही म्हनं?"

दोघेही तेच बोलत होते आणि दोघेही एकमेकांकडे रागाने बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या तोंडून 'शे' निघालं की वर्गातली मुलं हसायची. म्हणून मी ते प्रयत्नाने सोडून 'आहे' म्हणायला शिकलो होतो. आमच्या बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. साडेतीन शे, म्हणजे साडेतीन आहे.

मोठ्या माणसांच्या मध्ये बोलायचा मला धीर होत नव्हता. तरी म्हणालो, "साहेब, दोघंही खरं सांगताहेत."

"ते कसं काय?" मगनभाईंनी विचारलं.

समजावून सांगायला गेलो तर जीभ अडखळू लागली. शेवटी मी साठेसाहेबांना म्हणालो, "साहेब, पेन घ्या. आबा सांगतील तो आकडा लिहा." आणि आबांना विचारलं, "आबा, तुमना घर म्हैस कितली शे?"

"म्हैस?" आबा चिडले. "आठे मनी नोकरी जाई राह्यनी आनि तुले म्हैस सुचस? एक शे."

साठेसाहेबांनी एकशेपर्यंत लिहिलं आणि पेन धरून थांबले. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी विचारलं, "एकशे किती?"

रांग फुटली. हमाल एकमेकांच्या खांद्यावर पडून हसायला लागले. एकजण ओरडला, "आबा, इतली म्हशी, आनि आमले ताक बी नही?" मगनभाईंना क्षणभर उशिरा उमगलं. "अरे, हा तर आमच्या गुजरातीतला 'छे' आहे," म्हणून ते टेबलावर हात आपटून हसू लागले. साठेसाहेबांचे कान लाल झाले होते. मग तेही हसले, आणि एकदा लागलेलं त्यांचं हसू थांबेना. आबा तेवढे गंभीर होते. "एकच शे," ते सगळ्यांना पटवून देत होते, "दुसरी कव्हयच विकी टाकी."

मी सहा रुपये नऊ आणे खिडकीत ठेवले. साठेसाहेबांनी नवी स्लिप केली आणि बाहेर येऊन आबांना हात जोडले. "आबा, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला." आबा म्हणाले, "राहू द्या साहेब. ताक पेवाले या."

मगनभाईंनी तिथल्या तिथे नियम केला, की आकडा सांगताना तो थप्पीचा की गाठीचा हेही सांगायचं. आबा तो पाळतात. साठेसाहेब रविवारी खरोखर त्यांच्याकडे ताक प्यायला गेले, आणि आता खिडकीतून पैसे देताना "बठ्ठं बरोबर शे ना?" असं विचारतात. उच्चार अजून साताऱ्याचा आहे, पण कोणी त्यांना हसत नाही.

कॉलेजात शुद्धलेखनाच्या पेपरात शब्द जोडायचा तिथे तोडून लिहिला तर सर गुण कापतात. मला ते फार बारीकसारीक वाटायचं. आता वाटत नाही. 'शे' तोडून लिहिला तर चार रुपये सहा आणे होतात, आणि जोडून लिहिला तर दहा रुपये पंधरा आणे.