खिडकीवरचं इंग्रजी

“थांबा हो मामा, एवढं एक वाक्य संपू द्या. त्या मंत्र्याला धरलं की सोडलं ते कळल्याशिवाय मी शिडीवरून उतरायची नाही.”

“अगं सूनबाई, तो मंत्री सुटेल नाहीतर आत जाईल, आपली भिंत आधी सुटली पाहिजे! उतर खाली.”

खाली शिडी धरून उभा असलेला तिचा नवरा गालातल्या गालात हसत होता. मामा म्हणजे त्याचे सख्खे मामा, रंगाऱ्यांच्या या टोळीचे मुकादम. टोळी घरचीच. भाचे, पुतणे, एक साडू, आणि बाईमाणूस ही एकटी. ब्रश बाप्यांनी धरायचा. बाईनं पोपडे खरवडायचे, जमिनीवर रद्दी अंथरायची आणि खिडक्यांच्या काचांवर रंग उडू नये म्हणून खळीनं वर्तमानपत्रं चिकटवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती काचाच चिकटवत होती. त्यावरून तिचं नाव पडलं पेपरबाई.

रद्दी इंग्रजी. मामांचं मत असं की इंग्रजी पेपरचा कागद चिवट, खळीनं भिजला तरी फाटत नाही. पेपरबाईनं दहावीत इंग्रजीत अशी गटांगळी खाल्ली होती की पुन्हा पाण्याकडे बघितलं नाही. पण दिवसभर नाकासमोर अक्षरं, मागून ऊन आलेलं, म्हणजे दिवा लावून ठेवल्यासारखी. माणूस किती वेळ डोळे मिटून राहील?

आधी ती मथळे वाचायला लागली. मग मथळ्याखालचं. दुसऱ्या टोळ्यांतल्या बायका पान कसंही फासतात, उलटं, आडवं. ही सरळ फासायची, डोळ्यांच्या उंचीला, आणि क्रिकेटचं पान बाथरूमच्या खिडकीला लावायची. नवा शब्द भेटला की लगेच अर्थ विचारायची नाही. म्हणायची, “नव्या पाहुण्याला दारातच जात विचारू नये. दोन-चारदा येऊ द्यावं, मग कळतं कसा आहे ते.” एका घरी भेटलेला शब्द पुढच्या घरी पुन्हा भेटायचा, वेगळ्या बातमीत, वेगळ्या माणसांबरोबर. तेव्हा ती मनाशी अर्थ बांधायची आणि सुट्टीच्या दिवशी नणंदेच्या घरी जाऊन फाटक्या शब्दकोशात ताडून बघायची. शब्द तिला घरांवरून आठवायचे. ‘रिलक्टंट’ दातांच्या डॉक्टरच्या स्वयंपाकघरातला. ‘स्क्रूटिनी’ त्या मांजरवाल्या म्हातारीच्या माडीवरचा.

शिकलेलं वापरल्याशिवाय तिला करमायचं नाही. रिलक्टंट म्हणजे काय असं जावेनं विचारलं, तर ही म्हणाली, “तुझे भावजी सकाळी अंथरुणातून उठतात बघ, तसं.” नवरा ओले केस घेऊन जेवायला बसला की विचारायची, “ही आंघोळ खरी, का अलेज्ड?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही म्हणताय झाली, पण अजून सिद्ध झालेलं नाही.”

नवरा चारचौघांत वैतागल्यासारखं करायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द टोळीत मिरवायचा.

मग तो घोळ झाला. एका मोठ्या घराच्या दिवाणखान्यात छतापासून जमिनीपर्यंत काचा होत्या. त्यातल्या एकीवर एक लांबलचक अग्रलेख आला आणि त्यातल्या एका शब्दाशी पेपरबाई अडली. शब्द काही केल्या सुटेना. भिंत रंगवून झाली, बाकीच्या काचांवरचे कागद निघाले, पण ही एक काच तिनं “उद्या काढते” म्हणून ठेवली. तो उद्या दोनदा पुढं गेला. काच उन्हाच्या तोंडाला. खळ अशी भाजून बसली की कागद आणि काच यांचं लग्नच लागलं. मग ब्लेड घेऊन ती दुपारपर्यंत बोटाबोटानं कागद खरवडत बसली. अग्रलेखाचा भुसा झाला. शब्द गेलाच, आणि काचेवर ओरखडा आला तो वेगळाच.

मामा घरमालकापुढं मान खाली घालून उभे राहिले. नंतर टोळीसमोर म्हणाले, “यापुढं ही बाई मला वाचताना दिसली, तर हिनं घरी बसायचं.” तिनं ब्लेड पुसून पिशवीत टाकलं. चूक होती.

तेवढ्यात रंगाच्या कंपनीचं बोलावणं आलं. रंग फवारायचं नवं यंत्र निघालं होतं. प्रत्येक टोळीतून एकानं शिकायला यायचं, शिकवणी सगळी इंग्रजीतून, आणि निवडीला एक पान वाचून समजावून सांगायचं. जो शिकेल त्याच्याच हाती यंत्र. मामांनी तिच्या नवऱ्याचं नाव पुढं केलं.

नवरा म्हणाला, “मामा, माझं इंग्रजी रंगाच्या डब्याच्या झाकणाएवढं. हिला धाडा.”

“यंत्र बाईच्या हाती?”

“मग डब्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचून दाखवा, मी जातो.”

मामांनी तंबाखू मळला, थुंकले आणि म्हणाले, “जाऊ दे. पण नापास झाली तर यंत्र काय, ब्रशाचंही नाव काढायचं नाही. खरवडणं आणि चिकटवणं, संपलं.”

“कबूल,” पेपरबाई म्हणाली.

कंपनीच्या गोदामात टेबलामागं एक मास्तर बसला होता. दाराशी नवरा उभा. पेपरबाईनं पान हातात घेतलं. ‘प्रायर’ आला, ‘अ‍ॅडिक्वेट’ आला, ‘रेसिड्यू’ आला. सगळे जुन्या ओळखीचे, कुणी कुठल्या खिडकीतला, कुणी कुठल्या. ती वाचत गेली, आपल्या भाषेत सांगत गेली. आणि मधेच थांबली. भिंत पुसून घ्या म्हणत होतं, पण कसल्या फडक्यानं? ‘लिंट-फ्री’. हा पाहुणा कुठल्याच घरी आला नव्हता. मंत्री, पूर, खटले यांच्या बातम्यांत लिंट कशाला येईल?

नवऱ्यानं दाराची कडी घट्ट धरली.

“हा शब्द मला येत नाही,” ती म्हणाली. “पुढं वाचू?”

मास्तर म्हणाला, “वाचा.”

पुढं होतं की मागं एक धागा जरी राहिला तरी तो रंगाखालून दिसेल. ती त्या अडलेल्या शब्दाकडं परतली. “म्हणजे सूत न सोडणारं फडकं. नवं कोरं चालायचं नाही, ते सोडतं. आम्ही धुऊन धुऊन विटलेली जुनी चादर घेतो.”

मास्तर हसला. “बरेच जण अडलेल्या शब्दापाशीच बसून राहतात. तुम्ही नाही बसलात.”

“एका शब्दासाठी काच अडवून ठेवली की काय होतं, ते ब्लेडनं खरवडलंय मी.”

मास्तरनं तिच्या नावापुढं खूण केली आणि सोमवारी यायला सांगितलं. परतताना नवरा छाती काढून असा चालत होता, जणू वाचलं त्यानंच. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, “आमच्या घरात यंत्र येतंय.” मामांना कळलं तेव्हा ते नुसतं ‘हं’ म्हणाले. पण संध्याकाळी साडूला सांगताना म्हणे त्यांचा आवाज चढला होता, “सून कुणाची!”

दुसऱ्या दिवशी नव्या घरी काम. मामा कमरेवर हात ठेवून म्हणाले, “सोमवारपासून काचा कोण चिकटवणार?”

“हे चिकटवतील,” तिनं नवऱ्याकडं बोट केलं. “पानं सरळ लावा मात्र. उलटं लावलंत तर मी यंत्र खाली ठेवून येईन.”

ती शिडी चढली. पान सरळ धरलं, कोपरे दाबले.

“आजचा शब्द कुठला गं?” खालून नवऱ्यानं विचारलं.

मामांनी या खेपेला दुसरीकडं बघितलं.

“शब्द मग,” ती म्हणाली. “आधी ती खळीची बादली द्या वर. खळ वाळायला लागलीय.”