करंगळीवरचा दाणा

माझ्या उजव्या करंगळीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आहे. जन्मले तेव्हा तिथं बिनहाडाचं सहावं बोट लोंबत होतं. आईनं त्याला दोरा आवळला, थोड्या दिवसांत ते सुकून गळालं, आणि मागं हा दाणा राहिला. दिसायला काहीच नाही, पण धक्का लागला की कोपरापर्यंत अशी कळ जाते, डोळ्यांपुढं काजवेच चमकतात.

राजुरीला सासरी धार काढताना, कांद्याच्या गोण्या उचलताना मी करंगळी बाहेरच ठेवते. सासूबाई म्हणायच्या, "पाटलीणबाईंचं बोट बघा!" मी हसण्यावारी न्यायची. मध्यंतरी आळेफाट्याच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "बोट बांधलं तेव्हा आतली नस तशीच राहिली, तिच्या टोकाला गाठ धरली. धोका नाही, पण दुखणार. काढता येईल." मी म्हटलं, कांदे निघू देत, मग बघू.

आणि गेल्या महिन्यात लेक बाळंत झाली. नातीच्या करंगळीला तस्संच बोट! दवाखान्यात म्हणाले, जरा मोठी झाली की नीट काढू.

आई अवसरीहून पणतीला न्हाऊ घालायला आली. अंघोळ झाली आणि तिनं कनवटीतून काळा दोरा काढला.

"धर गं तिचा हात."

"आई, दोरा ठेव. डॉक्टर काढतील."

"लई शहाणी! तुझं मीच बांधलं व्हतं. काय झालं तुला? कधी दुखलं?"

माझं डोकंच फिरलं. "दुखलं? खुरपं धरवत नाय म्हणाले तर पाठीत धपाटा घातलास. कामचुकार म्हणालीस. मग सांगायचंच सोडलं मी!"

"बघू" म्हणत आईनं माझ्या करंगळीकडं हात केला. तिला कुरवाळायचं होतं, मला कळत होतं. तरी माझा हात आपसूक मागं गेला.

आईनं दोरा चुलीत टाकला.

"यष्टीत बसवताना तुझा हात धरला की असाच काढून घ्यायचीस," ती म्हणाली. "मला वाटायचं, लेकीला माझी माया न्हाई."